आमचे अहो

फर्निचरच्या दुकानात मांडलेल्या ऐसपैस आरामखुर्चीत मी पाय पोटाशी घेऊन बसले होते. मागून आवाज आला, "पाय पसरा की. इथून कुणाला जायचं नाहीये."

वळून पाहिलं. बाहीला भुसा, कानावर पेन्सिल, आणि हसू अगदी डोळ्यांपर्यंत पोचलेलं.

"सवय आहे," मी म्हटलं. "आमच्या घरात पाय पसरले की कपाटाचं दार उघडत नाही."

खोटं नाही सांगत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढले मी. तिथे कुणाचं काही लपून राहायचं नाही. आई बाबांना "अहो" म्हणायची, ते दिवसभर कानावर पडायचं, म्हणून मला बोलता येऊ लागल्यावर मीही बाबांना "अहो"च म्हणाले. सगळे हसले. हसले म्हणून मी तेच धरून बसले. पुढे आई गेली आणि त्या घरात तो शब्द म्हणणारी मी एकटीच उरले, मग तर तो सुटणं शक्यच नव्हतं.

आता निवृत्तीला आलेल्या अहोंनी हौसेनं मोठं घर घेतलं होतं, आणि ते सजवायचं काम माझ्या गळ्यात टाकून स्वतः ऑफिसात निवांत होते. जुनं सामान नव्या दिवाणखान्यात एका कोपऱ्यात अवघडून बसलं होतं. बाकी सगळी खोली रिकामी, बोललं की आवाज घुमायचा.

हा भुसावाला दुकानाचा मालक निघाला. त्यानं मला एकेक वस्तू दाखवली आणि मी प्रत्येकीला एकच विचारत राहिले, "बसेल का?" शेवटी तो म्हणाला, "मॅडम, घर मोठं झालंय. तुम्ही कधी होणार?"

"एकटीला मोठं व्हायचा कंटाळा येतो," मी म्हटलं. जिभेला हाड नाही माझ्या! तो लाजला... चक्क लाजला. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

"हो अहो, खुर्चीच बघतेय. तुमचे गुडघे लक्षात आहेत माझ्या. घरी पोचलात की जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका."

फोन ठेवला तर तो टेप गुंडाळत होता. "मोजमापाला कधी येऊ?" त्यानं विचारलं. मघाचं हसू कुठे गेलं, मला कळेना.

मोजमापाला आला तेव्हा अहो कामावर होते. मी सांगितलं, एक पलंग जरा उंच हवा, अहोंना खालून उठायला त्रास होतो. दुसरा माझा, पलीकडच्या खोलीत.

"पलीकडच्या?"

"फार घोरतात हो."

तो खाली वाकला आणि मोजलेली भिंत पुन्हा मोजू लागला. किती चोख काम करतो, असं मला वाटलं. काय म्हणावं माझ्या अकलेला!

मग मी काही ना काही निमित्त काढून त्याच्या दुकानामागच्या कारखान्यात जाऊ लागले. कधी पॉलिशची छटा बघायला, कधी खणाची मूठ बदलायला. तो भरभरून बोलायचा, आणि मध्येच काहीतरी आठवल्यासारखा मागे सरायचा. एकदा माझ्या गालाला पॉलिश लागलं. तो फडकं घेऊन पुढे आला... अगदी जवळ... आणि फडकं माझ्या हातात देऊन म्हणाला, "आरसा तिकडे आहे." एवढा काय भाव खातो हा, म्हणून मी घरी येऊन रडले. मला तो हवा होता, सरळ सांगते. जेवणाचं टेबल येईल त्या दिवशी त्याला विचारायचंच, असं ठरवलं.

टेबल आलं ते रविवारी. गडी ते दिवाणखान्यात ठेवून गेले, तो मागे थांबला. तेवढ्यात अहो न्हाऊन, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले.

"हे आमचे अहो," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घालून नमस्कार केला. अहो म्हणाले, "पोरीनं तुमचं फार कौतुक केलंय. तो उंच पलंग तिच्या बापाचं वजन पेलेल ना?"

त्यानं टेबलाची कड धरली. "बाप?"

अहोंनी हसत हसत माझ्या त्या हाकेची सगळी हकिगत सांगितली आणि चहा टाकायला आत गेले. नव्या टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे तो.

"मला वाटलं," तो म्हणाला, "अहो म्हणजे... अहो."

मला हसू फुटलं. पोट धरून हसले. तो हसला नाही, तेव्हा थांबले.

"मग आता तरी..."

"गेल्या आठवड्यात होकार देऊन आलो. आईनं स्थळ आणलं होतं. म्हटलं, जिथे मन गेलंय तिथे तर काही होण्यासारखं नाही." त्यानं टेबलावर हात ठेवून ते हलतंय का पाहिलं. हलत नव्हतं. "चांगली मुलगी आहे. तिनं काय केलंय?"

"एकदा विचारायचं तरी मला."

"लग्न झालेल्या बाईला काय विचारणार होतो?"

बरोबर होतं त्याचं. मीही विचारलं नव्हतंच. अहोंनी चहा आणला, तो त्यानं उभ्या उभ्या, कढत कढत संपवला आणि निघाला. अहो कप घेऊन आत गेले.

मी दाराकडे धावले. जुन्या घरात हात लांब केला की दाराची कडी हाताला लागायची. इथे अख्खी खोली ओलांडावी लागली. मी दारात पोचेपर्यंत तो फाटकापाशी गेला होता.

"अहो!" मी हाक मारली.

तो थबकला.

"काय गं?" आतून आवाज आला.

तो त्यालाही ऐकू गेला असणार. मागे वळून न बघता त्यानं फाटक हळूच लावून घेतलं.

"काही नाही," मी आत बघत म्हटलं. "टेबल छान बसलंय."