बाहेर ताटकळलेले

त्या दुपारी मी फक्त तेल कोमट करायला गॅसपाशी उभी होते. सून दवाखान्यातून येऊन आडवी झाली होती. लग्नाला नऊ वर्षं, तीन वेळा दवाखान्यात बाहेर तयार केलेला गर्भ पोटात ठेवून झाला, तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतली. आजची ही चौथी, शेवटची खेप, असं तिनंच ठरवलेलं.

मी सुईण. अक्षरं शिकले ती औषधाच्या बाटल्यांवरून. पोट वाचायला मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही.

"आई, पोटाला हात नाही हं लावायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."

"त्यांची नाळ कुणी कापली होती, विचार एकदा."

ती हसली. "पाय चोळा. तेवढं चालेल."

पाय चोळता चोळता मी माझं नेहमीचं पुटपुटले. मूल हवं असलेल्या प्रत्येक बाईपाशी मी हेच म्हणत आलेय: जो कोणी बाहेर ताटकळत असेल, त्यानं आत यावं. चाळीस वर्षांत कधी वावगं घडलं नाही.

"कुणाला बोलावताय?"

"येणाऱ्याला."

"तो आलाय की आत. बाकीचे चार गर्भ तिथंच आहेत, दवाखान्यात. गोठवून ठेवलेत."

मी वाटीत बोटं घातली. भर उन्हाळ्यात तेल थिजलं होतं.

दिवस राहिले. सोनोग्राफीत एकच ठोका, चांगला ठणठणीत. मुलगा तर फोनवर ज्याला त्याला सांगत सुटला. पण तिसऱ्या महिन्यापासून पलंगाच्या कडेला गारवा जाणवू लागला. सगळीकडे नाही. चार जागी, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. आणि फ्रीजचं दार उघडल्यावर येतो तसला वास, कशाचाच नसलेला.

एकदा सून म्हणाली, "दुपारी डोळा लागला की... कुणीतरी पोटाला कान लावतं..."

"भास गं."

मी खोटं बोलले. एका शब्दात हाकलून दिलं असतं त्यांना. मी कुणाला भ्यायलेली नाही. पण माझ्या हाकेला नाव नसतं. मी 'जा' म्हणायची, आणि ते ऐकून आतलंच निघून गेलं तर? आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड आवरलं. सहा महिने. रोज दुपारी तिच्याजवळ बसायची, ठोका मोजायची आणि पाय त्या गारव्यापासून आखडून घ्यायची.

मुलगी झाली. लालबुंद, भोकाड पसरणारी. आता ती बाहेर आली होती, तिला नाव होतं. आता त्यांना वेगळं काढून सांगता येणार होतं. घरी आणली त्या सकाळी सून झोपल्यावर मी पाळण्यापाशी गेले.

"तुम्ही चौघं..." मी सुरुवात केली.

पोरगी टक्क जागी होती. अंग उबदार, पण उजवा हात बर्फासारखा. मूठ अर्धवट वळलेली, काहीतरी धरल्यासारखी. मी त्या मुठीत माझी करंगळी सरकवायला गेले.

मूठ रिकामी दिसत होती. आत जागा नव्हती.

पुढचा शब्द मी गिळला. त्यांना जा म्हटलं असतं, तर हात सोडून गेले असते की धरून, कोण सांगणार?

आता ती चार वर्षांची आहे. बाहेरून खेळून घरात आली की दार लगेच लावत नाही. उंबऱ्याशी थांबते. मीही थांबते.