पशुपतिनाथाचं निमित्त

भिंतीवर पोचल्यावर दीक्षानं पाठीवरची बॅग उतरवली, आतल्या पाण्याच्या बाटल्या काढल्या आणि एकेक करून सिद्धेश्वर धरणात ओतायला लागली. मागून आवाज आला.

“धरणाला पाणी कमी पडून राहिलं का, मॅडम?”

तिनं वळून पाहिलं. मोटारसायकलवर एक उंच, सावळा पोरगा बसलेला. हसू दाबायचा प्रयत्न चालला होता, पण ते काही दबत नव्हतं.

“चढताना वजन लागतं,” ती म्हणाली. “उतरताना नको. गुडघे जातात.”

“मग चढता काहून?”

“नेपाळला जायचंय.”

“इकडून?” त्यानं पायऱ्यांकडे इतक्या गंभीरपणे पाहिलं की दीक्षाला हसू आवरेना. आणि तिथंच सगळी गडबड झाली.

दीक्षा खिल्लारे औंढ्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायची. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचं आणि शीर शोधायची. आपल्याकडे जरा उंच टेकाड दिसलं की लोक त्याला डोंगर म्हणतात. खरा डोंगर तिनं फोनवरच पाहिलेला. नांदेडचा एक ग्रुप हळदीचा हंगाम संपल्यावर अन्नपूर्णा बेस कॅम्पला जाणार होता. तिनं घरात विचारलं, आई जनकाबाई म्हणाली, “जाय. पण रोज फोन कर.” झालं. तेव्हापासून दर रविवारी धरणाच्या पायऱ्या, पाठीवर पाणी.

पुढच्या रविवारी तो पोरगा खालीच उभा होता. पाठीवर शाळेचं जुनं दप्तर, आणि त्यात हळकुंडं भरलेली.

“घरी हेच वजन भेटलं,” तो म्हणाला. “रुद्र माझं नाव. मी बी येतो नेपाळला.”

“घाम येईल तेव्हा पिवळे व्हाल.”

“होऊ द्या. लग्नाआधी लावतातच.”

असल्या पोराला काय बोलायचं? ती नुसती भराभर चढायला लागली. वर पोचेपर्यंत दोघांनाही दम लागला होता, आणि तो फक्त चढाचा होता असं म्हणवत नाही.

रुद्र शेजारच्या गावचा. घरी हळदीची शेती, औंढ्यात ठिबकचं दुकान. देखणा, हजरजबाबी, आणि उतरताना नेहमी तिच्या एक पायरी पुढं.

“पडलात तर माझ्यावर पडा.”

“मी पडणाऱ्यातली न्हाई.”

“मग मी पडतो... म्हणजे, पडलोच समजा.”

अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलंही नाही. थंडी सरली, पळस फुलला. बॅगेला, ओढणीला, तिच्या हातांनाही हळदीचा वास यायला लागला. दवाखान्यात कुणी विचारलं की ती म्हणायची, घरी हळद दळली. खोटं बोलायची वेळ आधी तिच्यावरच आली होती, हे मान्य करायला हवं.

बूट घ्यायला दोघं हिंगोलीला गेले. दुकानात तो सरळ तिच्या पायाशी बसला. बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून पाहत म्हणाला, “जागा पाहिजे जराशी. उतरताना बोटं पुढं जातात.” नाड्याही त्यानंच बांधल्या. दुकानदार म्हणाला, “साहब, भाभी के लिए मोजे भी ले लो.” रुद्रनं मोजे घेतले. भाभी नाही म्हणून त्यानं सांगितलं नाही, तिनंही नाही. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर जेवायला जाऊ या, असं तिनंच सुचवलं, एवढी ती त्या दिवशी खुशीत होती. तिथं शेवभाजी खाता खाता तिनं विचारलं, “घरी काय सांगितलंस?”

“नेपाळचं?” त्यानं भाकरी मोडली. “पशुपतिनाथाच्या दर्शनाला जातो म्हणलं. आई तर एवढी खुश झाली...”

दीक्षा आधी हसली. मग हसू ओसरलं.

“आणि मी? मी कुठंय त्याच्यात?”

“तू... ग्रुपमधी आहेस ना.”

“रुद्र.”

“सांगतो गं. हळद शिजू दे, घरात सगळे कामात हैत. मग बराबर सांगतो.”

हळद शिजली, वाळली, पॉलिश होऊन बाजारालाही गेली. जनकाबाईंनी लेकीला एकदाच विचारलं, “त्यानं घरी काढलं का तुझं नाव?” दीक्षा म्हणाली, “काढंल.” त्याच सुमारास रुद्रचे रविवार चुकायला लागले. कधी पाव्हणे आलेले असत, कधी दुकानात माल उतरत असे. ती एकटीच पाणी वर नेई आणि ओतून देई.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज कसातरीच होता.

“आई म्हणून राहिली, त्या मॅडमला घरी आण. तिला तुझ्याशी बोलायचंय.”

दीक्षाला वाटलं, शेवटी यानं घरी सांगितलं तर! तिनं रजा टाकली. निळा ड्रेस काढला, तो बदलून मोतिया घातला, केस दोनदा विंचरले. वाटेत स्कूटी थांबवून आरशात पाहिलं. वेडी पोर. प्रेमात पडलेल्या माणसाला कुणी आधी नीट ऐकून घ्यायला शिकवत नाही.

रुद्रच्या आईनं, शालूबाईंनी, तिला ओसरीवर खुर्ची दिली, चहा दिला, अगदी प्रेमानं. रुद्र दाराच्या चौकटीला टेकून उभा. मान खाली.

“माय, यानं सांगितलं, तुला तिकडचं सगळं माहीत हाय,” शालूबाई म्हणाल्या. “आता बघ, एवढी मोठी यात्रा, ती एकट्यानं कशी करायची? जोडीनं केलेली बरी. म्हणून आमी याचं जमवूनच टाकलं. सेनगावची पोरगी हाय, प्रतिक्षा. लगीन झालं की दोघं जातील दर्शनाला. पण पोरगी नाजूक हाय माय. थंडीची तिला तकलीफ नको. काय काय घ्यावं लागंल, तेवढं सांग.”

दीक्षानं रुद्रकडं पाहिलं. त्यानं नाही.

शालूबाईंच्या डोळ्यांत संशयाचा टिपूसही नव्हता, कावा तर मुळीच नव्हता. जातीबाहेरची, खिल्लाऱ्यांची पोरगी आपल्या पोराच्या मनात असेल, हा विचार त्या घरात कधी शिरलाच नव्हता. त्याला आत आणायचं काम ज्याचं होतं, तो चौकटीशी उभा होता. दीक्षाला ओरडून सांगावंसं वाटलं. रडावंसं वाटलं. चहाचा कप तिनं खाली ठेवला.

“अंगालगत घालायचे गरम कपडे घ्या,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “कानटोपी. हातमोजे. देवळापर्यंतच जायचं असंल तर बाकी काही लागत न्हाई, काकू. तिथवर गाडी जाते.”

“देव तुझं भलं करो, माय.”

ती उठली. फाटकापर्यंत रुद्र मागोमाग आला. स्कूटीची किल्ली तिच्याच्यानं लागेना, तेव्हा तो जवळ सरकला.

“मी सांगणार होतो, दीक्षा. रोज ठरवायचो. आई देवाचं बोलायला लागायची आणि मला... मला तोंडच उघडता यायचं न्हाई.”

ती किल्लीशीच झटत राहिली.

“तू जाशील ना? नेपाळला?”

“जाईन.”

“एक सांगू?” त्याचे डोळे भरले होते, ते खोटे नव्हते. इतके महिने चेष्टेत, आडून, पायऱ्यांच्या आधारानं जे चाललं होतं, ते त्यानं पहिल्यांदाच सरळ म्हटलं, इतक्या हळू की तिला त्याच्या ओठांकडं पाहून समजून घ्यावं लागलं. “माझं तुझ्यावर प्रेम हाय.”

हे ऐकण्यासाठी ती कितीतरी चढली होती. अजूनही तिला ते हवं होतं, आणि त्याचीच तिला जास्त चीड आली.

“मोठ्यानं म्हण,” दीक्षा म्हणाली.

रुद्रनं वळून घराच्या दाराकडं पाहिलं.

किल्ली लागली. तिनं स्कूटी सुरू केली.