एका बाटलीतले पाच दिवस

हंगेरीतल्या सेगेद शहराला त्या सकाळी पावसाने झोडपून काढलं होतं. ओल्या केसांनिशी बोरोका प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत शिरली, तर तिच्या जागेवर एक उंच तरुण आरामात बसलेला!

“अहो, ही वेळ माझी आहे.”

“नोंदवहीत या वेळेला माझंही नाव आहे. मी देनेश, वरच्या मजल्यावरचा.” तो जरासा सरकला. “बसा ना... भांडण बसूनही करता येतं.”

दोघांचं काम एकाच जनुकावर निघालं. फळमाशीच्या अळीत पंख घडवणारं ते जनुक जागं झालं, की पेशी हिरव्या चमकत. बोरोका त्याला पेशींतल्या एका रासायनिक संदेशाने उठवू पाहत होती, देनेश दुसऱ्या. तीन वर्षांत दोघांच्याही पदरी नुसता मिणमिणता उजेड.

“तुझा संदेश एकटा पुरत नाही,” तो म्हणाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तिला कळलंच नाही.

“आणि तुझा पुरतो वाटतं?”

“नाही ना! म्हणून तर म्हणतो... तुझ्या माश्या नि माझ्या माश्या एका बाटलीत सोडू. पिल्लांत दोन्ही संदेश उतरतील.”

“मागणी घालायची ही कुठली रीत?”

त्याचे कान लालबुंद झाले.

पाच दिवस थांबायचं होतं. आणि पाचव्याच दिवशी, शुक्रवारी, तो दोन वर्षांच्या संशोधनासाठी लिस्बनला निघणार होता! बोरोकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसातून दहादा ती बाटली बघायला जायची — दर वेळी देनेश आधीच हजर, हातात पोगाचा, तिथली गरम खारी पावरोटी.

“अळ्यांना भूक नाहीये,” ती म्हणायची.

“अळ्यांसाठी कोण आणतंय?” तो अर्धी तोडून पुढे करायचा. बोटांना बोटं लागायची, आणि मग तिचं कशातच लक्ष लागायचं नाही.

शुक्रवारी तिने अळीतला पंखाचा इवलासा अंकुर काचेवर ठेवला. डोळा लावला... लख्ख हिरवा पट्टा!

“देनेश, बघ ना!”

त्याने पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. तिची नजर घड्याळाकडे गेली, नि काळजात चर्र झालं.

“अरे, तुझी विमानतळाची पावणेअकराची गाडी! गेली...”

“माझं तिकीट संध्याकाळचं आहे. बुधवारीच बदललं.”

“बुधवारी? तेव्हा तर काहीच माहीत नव्हतं.”

“जनुकाचं नव्हतं,” तो म्हणाला. “तू मला आवडतेस, हे... हे माहीत होतं.”

“मग बोलायचं नाही? इथे जीव टांगणीला लागलाय माझा!” तिने हातमोजे ओढून काढले. “लिस्बन किती लांब आहे रे?”

“बरंच.”

“असू दे. प्रबंध दिला की येते मी,” ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.