फुकटचा सिनेमा

दिवा जरा तुमच्याकडे सरकवा. हे सांगताना समोर कुणाचा तरी चेहरा दिसत असला की मला बरं वाटतं.

मी मूळची बालाघाटची. नोकरीमुळे नागपुरात एका खोलीत राहते. बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. ते गेल्यावर आईला घरात करमेना, म्हणून मागच्या हिवाळ्यात मी तिला इकडे आणलं. बालाघाटच्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली आईने कमरेच्या बटव्यात ठेवली.

नागपुरात आईला एक वेड लागलं. मोफत कार्यक्रमांचं. बागेतलं सकाळचं गाणं, चित्रांचं प्रदर्शन, एकांकिका, सिनेमे, काही म्हणजे काही सोडायची नाही. पावडर लावून दुपारपासून तयार बसायची.

"जनमभर दुसऱ्याइच्या लग्नातला बाजा उभ्यानं आयकला," म्हणायची. "आता मले खुर्चीवर बसून आयकू दे बाप्पा."

खुर्चीवर बसलेली आई मी पहिल्यांदाच पाहत होते. मोठ्याने हसायची, परत येताना गाणं गुणगुणायची.

त्या रविवारी दुपारी एका सांस्कृतिक भवनात सिनेमांचा महोत्सव होता. मोठं सभागृह भरलेलं. आम्ही जिन्यापाशी घुटमळत होतो, तेव्हा तिथल्या एका मुलीने मागच्या दाराकडे हात केला. "छोट्या हॉलमध्ये बसा ना. सुरू झालंय."

आत गच्च अंधार होता. चाचपडत दोन खुर्च्या मिळाल्या. पुढे चार-पाच डोकी दिसत होती. एसीचा गारवा होता, पण वास मात्र बंद हॉलचा नव्हता. ओल्या शेणसड्याचा वास होता, आणि त्यात धानाच्या कोंड्याच्या धुराचा.

पडद्यावर एक अंगण होतं. नाव नाही, संगीत नाही. पेरूचं झाड, बोअरिंगचा हातपंप, निळं दार. दाराच्या खालच्या फळीवर पत्रा ठोकलेला. एक बाई आमच्याकडे पाठ करून पंपावर पाणी भरत होती. बादली भरेपर्यंत कॅमेरा हलला नाही. मला वाटलं, असेल एखादा कलात्मक सिनेमा.

आईने माझं मनगट धरलं. 

"पौर्णिमा... हे आपलं आंगन होय."

"अशी घरं खूप असतात, आई."

"तो पत्रा तुह्या बाबानं ठोकला. अन् तिच्या आंगावरची ते साडी... ते मी पेटीत ठेवून आलतो."

मी नीट पाहिलं. पत्रा तिरपा होता, आमचा आहे तसाच. तेवढ्यात कुंपणाच्या बाजूने आमच्या शेजारच्या गीताकाकू आल्या. होय, त्याच. बाई बादली ठेवून पाठमोरीच पंपाच्या ओट्यावर टेकली होती; काकू तिच्याशेजारी बसल्या, सुपातली लाखोरीची डाळ निवडू लागल्या, काहीतरी बोलून हसल्या. पुढची डोकीही हसली. अगदी हलकेच, घरचं कुणीतरी बोलल्यासारखी.

मला वाटलं, आपल्या नकळत कुणी आपल्या घरात शूटिंग केलं. राग आला. मोबाईल काढून मी त्याचं चित्रण करणार होते, एवढ्यात पडद्यावर, त्या निळ्या दाराच्या आतून हाक आली.

"आई, चहा झाला..."

आवाज माझा होता.

पाठमोरी बाई उठू लागली. ती वळणार होती. आईने मला इतक्या जोरात ओढलं की खुर्ची आपटली. पुढच्या लोकांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर लख्ख ऊन, चहाचे कप, गर्दी. मी दाराजवळच्या टेबलापाशी बसलेल्या माणसाला विचारलं, आत कोणता सिनेमा चालू आहे? तो म्हणाला, "नाव सांगा मॅडम, मग बघतो." मला नाव कुठे ठाऊक होतं! मी गीताकाकूंना फोन लावला.

"काय वं पौर्णिमा," त्या हसत म्हणाल्या, "आंगनातून फोन करून राह्यली का? आवाज दोनदा येऊन राह्यला. एक फोनातून, एक भितीच्या पल्याडून."

"काकू, मी नागपुरात आहे."

"मजाक नको करू. आत्ता त तू चहा ठेवाले आत गेली."

मी फोन बंद केला.  पण आईने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघालो. वारासिवनी येईपर्यंत आई बटव्यातली किल्ली चाचपत होती. भर दुपारी घरी पोचलो. कुलूप आमचंच होतं, गंजलेलं. किल्ली फिरवायला दोन्ही हात लागले. एवढी ताकद लागली याचा अर्थ ते इतके महिने उघडलं नव्हतं. मला हायसं वाटलं.

दार उघडलं. जमिनीवर धुळीचा कण नव्हता. पलंगावर चादर ताणून घातलेली. आणि मोरीजवळ दोन कप पालथे ठेवलेले. मी उचलून पाहिले. खाली ओलं होतं.

गीताकाकू आल्या त्या कुरकुरतच. "सकाळपासून कुठं गेलत्या दोघी?"

"गीता," आई म्हणाली, "मी हिवाळ्यापासून नागपुरात हावो."

काकू हसल्या. मग आमच्या हातातल्या पिशव्यांकडे, बसच्या धुळीने भरलेल्या केसांकडे पाहून त्यांचं हसू थांबलं. त्यांनी आईचं मनगट धरून पाहिलं, दाबून पाहिलं.

"मंग परवा माह्या घरी भाकर कोनं थापली? माहा हात भाजला तवा तेल कोनं लावलं?"

 चोर म्हणावं तर काही गेलं नव्हतं. पोलिसांना काय सांगायचं? की आमच्या घरात आम्हीच राहत होतो? काकूंना भ्रम झाला म्हणावं, तर ते ओले कप मी स्वतः पुसले होते.

संध्याकाळी आई पायरीवर बसली. "घर खाली टाकलं म्हणून कोनीतरी येऊन बसलं. मी आता इथून हालत नाही."

"आणि तिकडचे कार्यक्रम? पुढच्या आठवड्यात नाटक आहे, आई. तूच म्हणाली होतीस."

ती पंपाकडे वळली. "तू पाहत जा. मले फोनवर सांगत जा."

मी भांडले, रडले. तिने ऐकलं नाही. शेवटी एकटीच परतले. त्यानंतर घरात काही झालं नाही, असं काकू सांगतात. आई असते, तिच्या हातची भाकर असते. बस्स.

मी मात्र ठरवून कार्यक्रमांना जाऊ लागले. तिला सांगण्यासाठी. गेल्या रविवारी दुपारी ते नाटक होतं. प्रवेश मोफत, म्हणून भिंतींना टेकूनसुद्धा माणसं उभी. माझ्या डाव्या हाताची खुर्ची तेवढी रिकामी होती. नवल वाटलं. एक गृहस्थ वाट काढत आले.

"इथे कुणी आहे का?"

"नाही, बसा ना."

ते बसायला वाकले आणि एकदम सरळ झाले. खुर्चीकडे पाहून ओशाळून म्हणाले, "माफ करा आजी, अंधारात दिसलं नाही." आणि पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

माझ्या हातातला फोन थरथरला. आई. मी ओंजळीत धरून पुटपुटले, "कुठे आहेस?"

"घरीच हावो. आंगनात. काहून?"

"काही नाही..."

"सुरू झालं का वं नाटक?"

"होतंय."

"चांगलं पाह्य. मंग सांग मले."

मी डावीकडे मान वळवली नाही. पूर्ण नाटकभर नाही. मान आखडून गेली. शेवटी पडदा पडला, सगळे उठले, टाळ्यांचा कडकडाट झाला. मग हळूहळू सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या.

माझ्या डाव्या कानाशी मात्र थांबल्या नाहीत.