दानेश्वरीचे रविवार

"ओ पावणं, बूट! बूट काढा आधी!"

पोहण्याच्या तलावाच्या ओल्या काठावर एक उंच माणूस बुटांसकट सरळ आत आला होता. दानेश्वरी ओरडली खरी, पण आवाज निघाला अगदीच मलूल. मुलांना पोहायला शिकवण्याची तिची ही दिवसातली पाचवी बॅच होती, आणि सहावी अजून व्हायची होती.

"भाचीला सोडायला आलोय," तो घाईघाईनं बूट काढत म्हणाला. "ही सुष्मिता. आणि मी मल्लेश, तिचा मामा."

"मामाचं नाव विचारलं न्हाई मी."

"विचारणार होता की..."

आठ वर्षांची सुष्मिता खुदकन हसली. दानेश्वरीनं मान फिरवली. गालात हसू आलं होतं, ते या आगाऊ माणसाला कशाला दाखवा!

त्या उन्हाळ्यात मामा रोज येऊ लागला. कागलच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीत तो सुपरवायझर होता. शिफ्ट सुटली की तसाच यायचा आणि पायऱ्यांवर बसायचा. भाचीकडं कमी, मॅडमकडं जास्त बघायचा.

"डोळं लाल का हो तुमचं?"

"पाण्यातल्या औषधानं."

"मला वाटलं, माझी वाट बघून..."

एरवी तिनं चांगलं सुनावलं असतं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिच्यात ते उरलं नव्हतं. सहा वर्षांत तिनं फी वाढवली नव्हती. जे मिळे त्यातून ती दर रविवारी कर्णबधिर मुलींच्या वसतिगृहातल्या वीस जणींना फुकट शिकवायची. त्यांच्या टेम्पोचं भाडं तिचं, तलावाचं भाडंही तिचंच. पाण्याखाली कुणालाच नीट ऐकू येत नाही, म्हणून त्या पोरी तिथं जरा जास्तच खुशीत असत. पण आता झेपेना. मेनंतर रविवार बंद, असं तिनं वसतिगृहाच्या बाईंना कळवून टाकलं होतं. त्या दिवसापासून घास गोड लागत नव्हता.

आणि एका संध्याकाळी काठावर उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. क्षणभरच... पण तेवढ्यात सुष्मिताच्या हातातली तरंगायची फळी निसटली.

"सुषे!" मल्लेशनं आरोळी ठोकली आणि धाडकन उडी मारली.

सुष्मितानं शांतपणे काठाला लावलेली नळी धरली. बुडू लागला तो मामा. त्याला पोहता येतच नव्हतं! दानेश्वरीनं झेप घेतली, मानगूट धरली आणि त्या धिप्पाड गड्याला ओढत काठाशी आणलं.

"पोहता येत न्हाई तर उडी कशाला मारली?"

"ध्यानातच आलं न्हाई..." तो खोकत म्हणाला.

तिला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं. "माझा डोळा लागला हो. पोरीला काय झालं असतं तर?"

मल्लेशची थट्टा तिथंच थांबली.

"मॅडम, आमच्याकडं एका माणसाला सलग दोन शिफ्टा देत न्हाईत. हात जातो मशिनीत. तुमी बॅचा निम्म्या करा, फी दुप्पट-तिप्पट घ्या."

"आणि रविवारच्या पोरी? मी दासोह म्हणून करते ते. आपल्या कष्टातला वाटा दुसऱ्याला द्यायचा, हे माझ्या वडलांनी, आप्पांनी शिकवलं. वर पैशाची हाव कशी धरू?"

"आमच्या घरात बी दासोह हाय की. पण पंगत बसवायची तर तांदूळ कुणीतरी मिळवतंयच न्हवं? कष्टाचं मोल तुमीच पाडून घेताय, मग वाटा कशाचा देणार? हाव सोताच्या पोटासाठी असंल तर वाईट. तुमी कुठं सोतासाठी मागताय?"

ती रागानं उठून गेली. रागावली, कारण त्याचं खरं होतं.

पुढच्या सोमवारी तिनं पालकांना नवी फी सांगितली.

"सोनं शिकवताय व्हय?" गणपतराव आजोबा कडाडले. नातवाला घेऊन तरातरा गेले, आणि गुरुवारी गुपचूप परत आले. काही पोरं गेली ती गेलीच. पण तीन बॅचा भरल्या आणि पूर्वीपेक्षा जास्त पैसे हातात पडले. वसतिगृहाच्या बाईंना तिनं पुन्हा कळवलं, रविवार बंद नाहीत. उलट आता बुधवारीही या.

जूनमधल्या पहिल्या रविवारी टेम्पो आला. पोरींना उतरवून घ्यायला मल्लेश फाटकाशी हजर. एका चुणचुणीत मुलीनं त्याच्याकडं बोट दाखवून दानेश्वरीला खुणेनं विचारलं, हा कोण?

दानेश्वरी थबकली. मग तिनं हात छातीवर ठेवला आणि त्याच्याकडं बोट केलं.

वीसच्या वीस पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत हसू लागल्या.

"काय सांगितलंत?" मल्लेश कावराबावरा झाला.

"तुमी आवडता मला... ते सांगितलं. जीव दमलाय माझा, मल्लेश. सगळं एकटीनं करून लई दमलाय."

पहिल्यांदाच ती त्याला नावानं हाक मारत होती. त्यानं तिच्या खांद्यावरची फळ्यांची जड पिशवी काढून घेतली.

"मग एकटीनं करू नका की."