संपादकांची नदी

संध्याकाळी दुधाची पिशवी घेऊन संपादक घरी आले, तेव्हा बायको बॅग भरत होती. बहिणीकडे निघाली होती, कायमची.

साधा बातमीदार म्हणून चिकटलेला हा माणूस संपादकाच्या खुर्चीपर्यंत पोचला तो नदीच्या जोरावर. दर रविवारी नदीवर लेख, आणि लिहायचे झकास. बायको कौतुकाने नदीला "माझी सवत" म्हणायची. पण या प्रेमापायी गृहस्थांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. कुणी बुडालं की ते बातमीतून नदी काढून टाकायचे. उरायचं नुसतं 'अपघाती निधन'. उगाच बदनामी कशाला, म्हणायचे. वर लेखात ठोकून द्यायचे की ही नदी कुणाचा जीव घेत नाही. लोक वाचायचे आणि पोरांना खुशाल पोहायला पाठवायचे. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगाही गेला. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. त्याच्याही बातमीतून त्यांनी नदी काढली.

"एकदाच छापा," बायको दारात म्हणाली. "आपला मुलगा नदीत बुडाला, एवढंच. मी राहते."

"लोक तिला नावं ठेवतील गं."

"ठेवू देत की. त्याच्यापुढे ती मोठी का?"

संपादक दुधाची पिशवी घेऊन स्वयंपाकघराकडे वळले. तिने दार आपटलंही नाही, नुसतं ओढून घेतलं.

अंधारून आलं. ते दूध तापवत उभे होते. घरात हळूहळू शेवाळाचा वास पसरला. मग न्हाणीघरात पाणी सांडल्याचा आवाज आला... थांबला... पुन्हा आला.

"बाबा... टॉवेल द्या ना."

भीतीच्या आधी त्यांना रडूच फुटलं. दोरीवरचा टॉवेल ओढून ते धावले. दाराच्या फटीतून ओला हात बाहेर आला होता. कोपरापाशी लहानपणी भाजल्याचा डाग. हाताने टॉवेल घेतला.

"उद्या छापतो रे," ते पुटपुटले. "तू नदीत बुडालास, असंच छापतो..."

मग दुसराच आवाज आला, बाईचा, थंडीने कापणारा.

"आणि माझं...?"

फटीतून आणखी एक हात आला. त्याच्याखालून एक, अगदी छोटा. त्याने संपादकांचं मनगट घट्ट धरलं. न्हाणीघर जेमतेम एका माणसापुरतं. पण आत कितीतरी जण कुडकुडत होते, आणि मागून ढकलाढकली सुरू झाली होती.