भोवरा आडवा गेला

"हलू नका... तो तुमाले वासरूच समजून राह्यला!"

पांजरपोळाच्या फाटकात मी डोक्यावर पाल्याचं गाठोडं घेऊन उभी होते, आणि एक काळं, अर्धवट वयाचं कुत्रं माझ्याभोवती गरगर फिरत मला वासरांच्या कोपऱ्याकडे ढकलत होतं. भुंकणं नाही, चावणं नाही. नुसते ते दोन पिंगट डोळे माझ्या पावलांवर रोखलेले. मी उजवीकडे सरले की तेही उजवीकडे.

बोलणारा माणूस कुंपणाला टेकून हसत होता. श्रावणातली भुरभुर त्याच्या टोपीवर साखरेसारखी साचली होती.

"हसता काय? हाकला ना त्याले!"

"मी? मलेच रोज गोठ्यात कोंडते तो!"

राजापेठेच्या पुढे तेव्हा सगळी वावरंच होती. तिथे आमचा भाजीचा मळा. दर एकादशीला मुळ्याचा-कोबीचा पाला पांजरपोळातल्या गाईंना द्यायचा, असा बाबांचा नेम. त्या दिवशी गाडी बाजाराला गेली होती म्हणून मी आले. आणि हे देवीदास... तिथले कारकून. अकोल्याकडचे, आमच्यासारखेच माळी.

कुत्रं धनगरांचं होतं. कळप मेळघाटाकडे निघाला तेव्हा त्याचा पाय दुखावलेला, म्हणून मागे राहिलं. देवीदासांनी पाय बरा केला आणि तिथेच सगळं बिघडलं. कळप नाही, पण अंगात धाव मावत नाही. दिवसभर ते म्हाताऱ्या गाईंनाच गोळा करू लागलं. पांजरपोळाच्या पंचमंडळींनी सांगून टाकलं, हे जंगलात नेऊन सोडा.

"जंगलात? वाघाच्या तोंडी?" मी म्हटलं. "मग मले द्या!"

"घ्याल, बाई... पण याले काम लागते. काम नसलं तर हा तुमचं घरच हाकलून नेईन."

"आमच्या घरी कामाले काय तोटा?"

तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. मग उगाच टोपी झटकली. "मी येऊन पाहून जाईन मधून मधून... म्हंजे, कुत्र्याले."

"कुत्र्यालेच पाहा," मी म्हटलं, आणि वळले. हसू लपत नव्हतं ना!

बाबांनी त्याचा धिंगाणा पाहिला. "हे कुत्रं हाय का भोवरा, व?" तेच नाव पडलं. "एक वाफा तुडवला तर परत नेऊन द्याचं, सांगून ठेवतो!"

भोवऱ्याने वाफा तुडवला नाही. तो धुऱ्याधुऱ्याने, बांधावरूनच पळायचा, रानडुकरं हुसकायचा, संध्याकाळी कोंबड्या, बकऱ्या आणि निंदणाऱ्या बायांनासुद्धा एका जागी आणून उभं करायचा. बाबा तोंडाने शिव्या द्यायचे, पण भाकरीचा तुकडा मोडून पहिला त्यालाच टाकायचे.

देवीदास मात्र आमच्याकडे आले की निघता निघत नसत. ते उठले, वहाणा घातल्या, की भोवरा सपकन आडवा जाऊन वाटेत निजायचा. आणि आमच्याकडे, निघताना काही आडवं गेलं तर पुढे पाऊल टाकायचं नाही. मागे फिरायचं, बसायचं, गुळाचा खडा खाऊन पाणी प्यायचं, मगच जायचं. माझी माय, माणिकबाई, या बाबतीत भारी कडक.

"बसा बापू, बसा. जयवंता, गूळपाणी आण व!"

मी वाटी आणायची. बोटं लागू नयेत म्हणून ते वाटी इतकी जपून घेत... की लागायचीच.

पण भोवरा बाकी कुणाला आडवा जात नसे. मला नवल वाटे. मग एकदा पाहिलं. वहाणेत पाय घालता घालता त्यांनी टाळूला जीभ लावून हळूच आवाज काढला — च्चक्!

"हे काय होतं?" मी जवळ जाऊन विचारलं.

"काय?"

"तोंडातलं."

"गूळ."

"गूळ तर मी अजून आनलाच नाही!"

कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. भोवऱ्याचं डोकं चोळत राहिले.

मग अचलपूरचं स्थळ आलं. संत्र्याचा बगीचा, माडीचं घर. मुलाचे वडील वामनराव बैलांच्या दमणीतून उतरले, मागून मुलगा. त्याने मला कमी पाहिलं, आमच्या विहिरीला जास्त. "उन्हायात पानी किती राह्यते?" एवढंच विचारलं. बाबा खूश होते. बैठकीत जवळजवळ ठरलंच होतं. मी दाराआड उभी.

पाहुणे निघाले. आणि माझी जीभ... टाळूला लागली.

भोवरा बैलांच्या पुढ्यात आडवा! पाहुणे उतरले, बसले, पाणी प्याले. पुन्हा निघाले. पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा वामनराव दमणीतूनच म्हणाले, "खुशालराव, हे सोयरीक राहू द्या. देवालेच मंजूर दिसत नाही."

सकाळी बाबांनी भोवऱ्याच्या गळ्यात दोरी बांधली. "चाल जयवंता. त्वाच आनलं होतं, त्वाच परत दे."

पांजरपोळात देवीदास धावत आले. बाबा म्हणाले, "हे घ्या तुमचं अपशकुनी कुत्रं. सोडा कुठं सोडाचं तिथं!"

भोवरा आम्हा तिघांभोवती दोरी ताणून फिरत होता, आम्हाला एकत्र लोटत होता. बिचाऱ्याला वाटत होतं, काम चाललंय. मला राहवलं नाही.

"बाबा, तो नाही गेला आडवा. म्या पाठवला."

"काहून?"

मी खाली पाहिलं.

"तिले मी शिकवलं," देवीदास म्हणाले. "म्हंजे कुत्र्याले शिकवलं, पाहून ती शिकली. मले तुमच्या घरून निघाचंच नसे, काका. रोज वाटे, माय आता तरी बस म्हनन... अन जयवंता वाटी घेऊन येईन."

बाबा त्यांच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग कुंपणाच्या दगडावर हळूच टेकले.

"तुले बी तेच वाटे?"

"हो," मी म्हटलं. एवढाच शब्द... पण अंगभर काटा आला.

"मंग तोंडानं सांगता येत नोतं? गरीब जनावराच्या माथी मारलं!" बाबा खाकरले. "अकोल्याले जाईन मी, तुमच्या बापाले भेटाले. पन एक सांगा... लगन झाल्यावर हे कुत्रं कोनाच्या घरी राहीन?"

"आमच्या!" आम्ही दोघंही एकदम.

"वा रे वा! मंग माह्ये डुकरं कोन हाकलीन?" बाबांनी दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली. "पोरगी न्या. भोवऱ्याचं मंग पाहू."

आमचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लागलं. भोवऱ्यावरून सासऱ्या-जावयाचं भांडण मात्र कधीच मिटलं नाही.